ब्रिग्गेनचे ट्रोल, शहापूरचे ट्रोल

१ नोव्हेंबरला बेळगावात सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीचे फोटो शाळासोबत्यांच्या ग्रुपवर आले. ते बघून मी एवढंच विचारलं, की सुप्रीम कोर्टातला महाराष्ट्राचा २००४ चा सीमावादाचा दावा उद्या आपल्या बाजूनं लागला, तर मराठी शाळेत बसायला पोरं कुठून आणायची? आपल्यापैकी कितीजणांची मुलं मराठी माध्यमात आहेत?

लगेच उत्तर आलं, "बर्गनात बसून ट्रोल करालास काय रे?" मागोमाग आणखी दोघं. एकानं तर एजंट म्हटलं. पोरांचं माध्यम मात्र एकानंही सांगितलं नाही.

मी राहतो नॉर्वेतल्या बर्गनात, आणि ट्रोल माझ्या रोजच्या वाटेवर आहेत. ब्रिग्गेन या बंदरावरच्या जुन्या भागातल्या दुकानांत लोककथांतल्या ह्या राक्षसांचे पुतळे, लांब नाकाचे, शेपटीवाले, रांगेत मांडलेले. इथल्या गोष्टींतला ट्रोल उन्हात सापडला की त्याचा दगड होतो. इंटरनेटवरचा शब्द मात्र मासेमारीतून आला असं मानतात : चालत्या बोटीमागून गळ ओढत न्यायचा, लागेल तो मासा. १९९० च्या दशकात युजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावर मुद्दाम लोकांना पेटवायला लिहिणाऱ्यांसाठी तो रूढ झाला. म्हणजे त्यात हेतू आला. ट्रोलला उत्तर नको असतं, खवळलेली माणसं हवी असतात. मला उत्तर हवं होतं. अजून हवं आहे.

खरे ट्रोल आपल्याकडे आहेतच. नोव्हेंबर आला की खोट्या नावानं दोन्ही भाषांतल्या आयाबहिणी काढणारे. त्यांच्यासाठी हा शब्द राखून ठेवा ना! प्रश्न विचारणाऱ्यालाही तोच लावलात, तर त्या हरामखोरांचंच फावतं.

माझी मुलगी नववीत आहे. सीदेमोल, म्हणजे दुय्यम लेखी भाषा म्हणून न्यूनोर्स्क हे नॉर्वेजियनचं दुसरं लेखी रूप शिकते आणि त्यावर रोज कुरकुरते. ही सक्ती असावी की नसावी, यावर ऑफिसात मातपाक्के, म्हणजे घरून आणलेला ब्रेडचा डबा उघडून लोक कडाकडा भांडतात. शहरांच्या नावांवरूनही भांडले आहेत. त्रोनहेइमचं १९३० मध्ये निदारोस केलं, लोक इतके चिडले की १९३१ मध्ये नाव परत आलं. आपण २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी होताना बघितलं. इथल्या टेबलावर कुणी कुणाला एजंट म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पण इथल्या भांडणामागे बेळगावात मराठी आंदोलकांवर झालेला १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार नाही. १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन नाही, 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेली पाटी काढली म्हणून पेटलेलं येळ्ळूर गाव नाही. ज्यानं मार खाल्लाय, त्याला साध्या प्रश्नातही काठी दिसते. हे मला कळतं, मीही बेळगावच्या शहापुरातच वाढलोय. म्हणून तर "बर्गनात बसून" हे शब्द ट्रोलपेक्षा जास्त लागले.

आणि एक सांगायचं राहिलंय. दोन वर्षांपूर्वी ह्याच ग्रुपवर आमच्या एका कन्नड मित्रानं विचारलं होतं, की सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं, तर तुम्ही तेव्हा तो अहवाल का नाकारलात? प्रश्न सरळ होता. त्याला उत्तर आहे, महाराष्ट्राचे निकष वेगळे होते : खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता, सगळं मला तोंडपाठ आहे. तरी मी लिहिलं, "ट्रोल करू नकोस." तो त्याच रात्री ग्रुप सोडून गेला. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. त्याच्या आईनं डब्यात माझ्यासाठी एक जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी जास्त घातलेली असायची.

गेल्या रविवारी त्याला फोन लावला. त्यानं उचलला. महाजन आयोगावर आम्ही पाऊण तास भांडलो, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात, आणि माझं कन्नड किती गंजलंय ते मला जाणवलं.

मग रात्री ग्रुपवर माझ्या प्रश्नाचं माझं उत्तर टाकलं : माझी मुलगी मराठी बोलते, वाचत नाही. मी शिकवलं नाही. आता तुम्ही सांगा.