मेल बघितला का?

आजच्या मीटिंगमध्ये मी आठाच्या जागी तीन वाचला. सगळे हसले. हसू देत, पण तो तीन माझा नव्हता.

तक्ता अण्णांचा. त्यांनी काल त्याची लिंक पाठवली होती. अण्णांचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर.

“अण्णा, लिंक उघडत नाहीये.”

“मेल केलाय की.”

“मेल मिळाला. फाइल उघडायला परवानगी लागतेय.”

“मग मागा.”

“मागितली. ती तुमच्याकडेच येते.”

अण्णांनी चष्मा चढवून इनबॉक्स चाळला. “हां, आलाय तुमचा अर्ज. पण तुम्ही तर इथे उभे आहात. मेल कशाला केलात?”

“मी नाही केला. तो आपोआप जातो.”

“आपोआप आलेल्या मेलवर मी क्लिक करत नाही. ट्रेनिंगमध्ये बजावून सांगितलंय.”

यावर काय बोलणार? ट्रेनिंग बरोबरच होतं.

शेअरचं बटण दाबायचं, माझं नाव घालायचं, ‘व्ह्यूअर’ (फक्त बघणारा) नव्हे, ‘एडिटर’ (बदलही करू शकणारा) निवडायचं, संपलं. अण्णांनी त्याऐवजी फाइल उतरवून मेलला जोडली. २२ एमबी! (तक्ता चिमूटभर, बाकी वजन कुणीतरी आत चिकटवलेल्या फोटोंचं.) मर्यादा २५ एमबीची, तरी मेल परत आला. मेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनला. जोडलेल्या फाइलचे दर तीन बाइट त्यात चार अक्षरं होऊन प्रवास करतात. म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढतं, २२ चे २९ होतात. हे मी समजावतोय तोवर अण्णांनी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर धाडलासुद्धा. तिथे फोटो दाबून लहान केला जातो, बारीक आकडे विरतात. इंग्रजी आठाची डावी कड पुसली की उरतो तीन.

एकच फाइल सगळ्यांनी उघडली असती तर हे झालंच नसतं. मेलमधून पाच जणांना गेली की पाच प्रती होतात, प्रत्येक जण आपापलीत दुरुस्त्या करतो आणि शेवटी ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशी वंशावळ तयार होते. सामायिक फाइलमध्ये कुणी, किती वाजता, कुठला आकडा बदलला हे जुन्या आवृत्त्यांत दिसतं. मला वाटतं, नेमकं तेच पुष्कळांना नको असतं. ही साधनं माहिती पोचवायला वापरतात, असं आपण समजतो. वापरतात ती पोचपावतीसाठी. “मी पाठवलं होतं” एवढं म्हणता आलं की पाठवणारा सुटला. समोरच्याला ते वाचता आलं का, ही त्याची बाब. सीसीत, म्हणजे मेलची प्रत जाणाऱ्यांच्या यादीत, सतरा नावं उगाच नसतात.

मीटिंगमध्येही अण्णांनी तेच म्हटलं. “मी तर तीन प्रकारे पाठवलंय.” साहेबांनी मान डोलावली. माझ्याकडे बघून.

संध्याकाळी परवानगी आली. व्ह्यूअरची. तक्त्यात आणखी एक चूक आहे, ती मला स्वच्छ दिसते, हात लावता येत नाही. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. चार पावलांवरून अण्णा.

“मेल बघितला का?”