कच्चं सरवैयुं म्हणजे काय?

रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं बडोद्यात सुरसागर तळ्याच्या पाळीवर बसतो. चौघंही गुजराती माध्यमाचे. घरात मराठी, वर्गात गुजराती, असेच वाढलो. या रविवारी शिऱ्या आला तो लॅपटॉपचं कोटेशन हातात घेऊनच. त्याची मुलगी आमच्यासारखीच गुजराती माध्यमातून बारावी कॉमर्स झाली, आता इथल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीत एफवाय बीकॉमला जाणार, म्हणजे सगळं इंग्रजीत.

"५६ हजार," शिऱ्या म्हणाला. "हप्त्यावर घेतो."

"आत्ताच कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? कॉलेजला चाललीय पोरगी. रिकाम्या हातानं पाठवू?"

बाळ्या लगेच त्याच्या बाजूनं. "घे रे, एकुलती एक आहे." मास्तरांनी मात्र कोटेशनकडे बघितलंसुद्धा नाही. (मास्तर म्हणजे आमच्यातलाच एक. शिकवण्या घेतो म्हणून मास्तर.) "आवकाचा दाखला, उत्पन्नाचा, काढलास का?" त्यांनी विचारलं.

"तो कशाला? स्कॉलरशिपला ८० लागतात ने. तिला ७४ टक्के आहेत."

"८० टक्के नाही, ८० पर्सेंटाईल. मार्कशीटवर पीआर लिहिलेला असतो, तो बघ."

शिऱ्यानं फोनमधला फोटो मोठा करून बघितला. पीआर ८६ च्या वर होता. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेच्या या स्कॉलरशिपला पीआर, म्हणजे पर्सेंटाईल, ८० लागतो, आणि घरचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत. शिऱ्या दोन्हीत बसत होता. टक्के आणि पर्सेंटाईल यांच्या घोळात किती घरं हा अर्जच भरत नाहीत, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहोत, ते पर्सेंटाईल. पेपरात किती मिळाले, ते टक्के. एवढं कुणी सांगितलं की काम होतं.

पण माझा मुद्दा दाखल्याचा नव्हता आणि लॅपटॉपचाही नव्हता. मी शिऱ्याला विचारलं, "तिला ट्रायल बॅलन्स म्हणजे काय ते माहीत आहे?"

"अकाउंट्समध्ये सगळ्यात जास्त मार्क आहेत तिला!"

"ते असतील. पण तिला येतं ते कच्चं सरवैयुं. ट्रायल बॅलन्स हा शब्द तिनं कधी ऐकलाय का?"

शिऱ्या गप्प झाला. दोन्ही एकच: सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा तक्ता, नावे आणि जमा जुळतात का ते बघायचा. मला १९९४ आठवलं. एफवायचा अकाउंट्सचा तास, भरगच्च वर्ग, मी मागून दुसऱ्या बाकावर. सरांनी 'डेप्रिसिएशन' म्हणून सुरुवात केली आणि फळ्यावर आकडे मांडले: मशीन एक लाखाचं, दर दहा टक्के. पहिल्या वर्षी दहा हजार, दुसऱ्या वर्षी नऊ हजार. आकडे बघून मला कळत होतं की हा घसारो आहे, म्हणजे वस्तूच्या किमतीत दरवर्षी होणारी घट, आणि तीही घटत्या बाकीच्या पद्धतीची, उरलेल्या किमतीवर काढलेली. असली गणितं मी शाळेत झोपेत सोडवली असती. पण सर जे बोलत होते त्यातलं एक वाक्य धड लागत नव्हतं. जर्नल म्हणजे आमनोंध, लेजर म्हणजे खातावही, बॅलन्स शीट म्हणजे पाकं सरवैयुं (मराठीतला ताळेबंद), हे जोडायला मला दिवाळी उजाडली. हात वर करून विचारायची छाती झाली नाही. इंग्रजी माध्यमाची मुलं पुढच्या बाकांवरून धडाधड उत्तरं द्यायची, आणि मला वाटायचं की आपल्याला अकाउंट्सच येत नाही. त्या वर्षी माझे दोन विषय राहिले. त्यातला एक अकाउंट्स.

"पण आज तू अकाउंट्सचंच काम करतोस ने?" बाळ्या म्हणाला. "पडत-झडत शिकलास. तीही शिकेल. पोरांना जरा धडपडू द्यावं. जवा दे, जाऊ दे."

"नाही जवा देणार," मी म्हणालो. "मी शिकलो, पण वर्ष गेलं. आणि आपल्या वर्गातला पहिला नंबर? तो दिवाळीनंतर कॉलेजला आलाच नाही. आपल्या सगळ्यांत हुशार तो होता, हे तूच म्हणतोस."

बाळ्यानं मान वळवली आणि पाण्यातल्या महादेवाकडे बघत बसला. तो मुलगा त्याचाच जिगरी दोस्त होता. मला ते बोलायला नको होतं, पण बोललो ते खरं होतं.

मास्तर म्हणाले, "मग स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. सुट्टीत दोन महिने."

इथे आमची खरी जुंपली. माझं म्हणणं, त्या क्लासात ओळख करून द्यायला आणि हॉटेलात जेवण मागवायला शिकवतात. मुलीला बोलायची अडचण नंतर येणार आहे, आधी ऐकलेलं समजायला पाहिजे. त्याला लागतात फार तर दीड-दोनशे शब्द, आणि त्या शब्दांमागचा अर्थ तिच्याकडे आधीच आहे. पाठ्यपुस्तक मंडळ अकाउंट्सचं तेच पुस्तक गुजरातीतही काढतं आणि इंग्रजीतही. धडे तेच, गणितं तीच. दोन्ही शेजारी उघडून ठेवायची, अकरावी-बारावीची, आणि रोज एक धडा जुळवायचा. सोडवलेलं गणित पुन्हा सोडवायचं, पण मथळे आणि नोंदी इंग्रजीत लिहून. स्टॅटिस्टिक्स आणि अर्थशास्त्राचंही तसंच.

"आणि हे पहिल्या तासाच्या आधी," मी म्हणालो. "आमची परीक्षा वर्षाच्या शेवटी असायची, दिवाळीपर्यंत चाचपडलो तरी सावरायला वेळ होता. आता सेमेस्टर. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. चार क्रेडिटचा विषय ६० तासांत संपतो. तीन आठवडे शब्द शोधण्यात गेले तर राहिलं काय?"

मास्तरांना हे पटलं. ते पटलं असं म्हणत नाहीत, पुढचं बोलायला लागतात. "तिला पहिल्या आठवड्यातच हंसा मेहता लायब्ररीचं कार्ड काढायला सांग," ते शिऱ्याला म्हणाले. मग त्यांनी हंसाबेनची गोष्ट सांगितली. १९४९ साली युनिव्हर्सिटी झाली तेव्हाच्या त्या पहिल्या कुलगुरू. त्याच्या आदल्याच वर्षी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन' लिहिलेलं होतं, तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करून घेतलं ते या बाईंनी. "एका शब्दासाठी भांडल्या त्या. तुझी पोरगी निदान शब्दाचा अर्थ तरी विचारेल," मास्तर म्हणाले. मला हे फार आवडलं.

शिऱ्यानं कोटेशनची घडी करून खिशात ठेवली. लॅपटॉप घेणार नाही असं काही तो म्हणाला नाही. एफवायला फोनवर भागतं, दुसऱ्या वर्षी बघ, हे मी दोनदा सांगितलं. बाळ्या अजूनही म्हणत होता की आपण पोरांना फार जपतो. पण आवाज खाली आला होता.

तेवढ्यात मुलगी ॲक्टिव्हावरून बापाला न्यायला आली. शिऱ्यानं तिला थांबवलं. "बेटा, काकांना विचार, कच्च्या सरवैयाला काय म्हणतात."

ती माझ्याकडे बघून हसली. "ट्रायल बॅलन्स. एवढं यूट्यूबवर बघितलंय, काका. पण आमनोंधला जर्नल म्हणतात की जर्नल एन्ट्री? दोन्ही लिहिलेलं दिसतं."

"वही म्हणजे जर्नल," मी म्हणालो. "त्यात केलेली एकेक नोंद म्हणजे जर्नल एन्ट्री. गुजरातीत दोन्हीला आमनोंध म्हणून चालतं, म्हणून गोंधळ होतो. माझे आजोबा पेढीवर त्याच वहीला किर्द म्हणायचे."

"आणि घसारो?"

"आजोबांचा घसारा. कॉलेजात डेप्रिसिएशन."

तिनं तो शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितला. मग गाडी बंद करून स्टँडवर लावली, पाळीवर बापाच्या शेजारी बसली आणि फोनवर नवीन पान उघडलं. "सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."