‘पागोळी’ राहणार : एका प्रतिक्रियेला उत्तर

स.न.वि.वि.

आपण (नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसतंच ‘आपण’) परवाच्या लेखाखाली दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळा होणार होतो. जमलं नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी रोज एक तीन अक्षरी शब्दाचं कोडं टाकतो, सहा प्रयत्नांत शब्द ओळखायचा. उत्तरासाठी ‘सर्वांच्या ओळखीचे’ शब्द कसे निवडले ते परवा लिहिलं होतं. त्यावर आपले आक्षेप असे : ‘पागोळी’ (छपराच्या कडेवरून गळणारं पाणी) आता कोणी म्हणत नाही, ‘तितिक्षा’ यादीत आलाच कसा, शब्द किती वेळा छापून येतात ते मोजून यादी करायला हवी होती, यादी तपासणारे चौघेही पन्नाशीच्या पुढचे. आणि मग ते वाक्य : ‘तुम्हाला येतात तेच शब्द सगळ्यांना येतात, असा तुमचा समज दिसतो.’

चूक आधी कबूल करतो. ‘तितिक्षा’ नको होता. सहनशीलतेला रोजच्या बोलण्यात तितिक्षा म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. जोडाक्षर एका चौकटीत नीट बसतं का, हे बघायला ‘क्षा’ असलेला शब्द हवा होता, तो घातला आणि काढायचा राहिला. आपलं बरोबर, माझं चुकलं. झालं.

आता ‘समज दिसतो’. यादी एकांगी वाटते असं म्हणाला असतात, तर मी यादी उघडून बसलो असतो. आपण यादी बाजूला सारून माझीच नाडी बघायला लागलात. शिवाय ‘दिसतो’! म्हणजे मला न भेटता, माझं दुसरं काही न वाचता, आपल्याला दिसलं. एवढी नजर असती तर मलाही शब्दांची यादी करायला चार महिने लागले नसते.

मी सतरा वर्षं प्रुफं वाचली आहेत. वाचणाऱ्याला कुठे अडखळायला होईल, याचाच विचार करण्याचा पगार मला मिळत होता. त्यामुळे लोकांना कोणते शब्द येतात याबद्दल माझा ‘समज’ नाही, अंदाज आहे, आणि तो कमावलेला आहे. ‘पागोळी’ शब्द मी त्या सतरा वर्षांत निदान पाच-सहा वेळा तरी वाचला असेल. एकदा तर माझ्या स्वतःच्या मजकुरात तो होता, तेव्हा एका संपादकांनी त्याला लाल शाईने गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘पाण्याची धार’. नुसती धार! छपरावर पडलेलं पाणी कडेपर्यंत ओघळत येतं, तिथे क्षणभर थबकतं आणि मग ओळीने खाली सुटतं. नळाचीही धारच असते की. तो लाल गोल मला अजून आठवतो. या गोष्टीचा यादीशी काही संबंध नाही, ओघात आलं म्हणून सांगितलं.

मूळ घोटाळा असा आहे की आपण ‘वापरातला शब्द’ आणि ‘ओळखीचा शब्द’ एकच धरलेत. कोडं सोडवणाऱ्याला शब्द बोलायचा नसतो, उत्तर उघडल्यावर ‘अरे हो!’ म्हणता आलं पाहिजे. ‘खुंटी’ तुम्ही शेवटची कधी म्हणालात? मीही आठवत बसलो. पण खुंटी म्हणजे काय हे विचारणारा कोणी भेटेल का? इंग्रजीत २०१९ साली एक मोठं काम प्रसिद्ध झालं. सुमारे ६२,००० शब्द आणि दोन लाखांवर माणसं. एवढंच विचारलं होतं, हा शब्द तुम्हाला ठाऊक आहे का? मधेमधे बनावट शब्दही पेरले होते, म्हणजे उगाच ‘हो’ म्हणणारे सापडावेत. त्यातून निघालं ते माझ्याच बाजूचं आहे : क्वचित छापले जाणारे कित्येक शब्द बहुतेक सगळ्यांना ठाऊक असतात. (दोन लाख माणसं कुठे आणि तुमचे चौघे कुठे, असं आपण म्हणाल. म्हणा.)

मोजणीबद्दल आपण दीडच ओळ लिहिलीत, पण ती अशा सुरात की जणू मी आळस केला. मोजून पाहा एकदा. बातम्यांचा ढीग घेतलात तर ‘आयोग’, ‘निविदा’, ‘विधेयक’ वर येतील आणि ‘उशी’ तळाला जाईल. उशीवर डोकं ठेवून झोपणाऱ्याला ती बातमीत कशाला हवी? इंग्रजीवाले यातून गेले आहेत. त्यांची १९६७ची गाजलेली मोजणी १९६१ साली छापलेल्या मजकुरावर होती, एकूण शब्द सुमारे दहा लाख. वेगवेगळे शब्द पाहिले तर त्यातले जवळपास निम्मे फक्त एकेकदाच आलेले. एकदा आलेला शब्द ओळखीचा की अनोळखी, हे त्या एका आकड्यावरून कोण सांगणार? पुढे २००९ साली चित्रपट-मालिकांच्या खाली येणाऱ्या ओळी मोजल्या, तेव्हा लोक शब्द किती पटकन ओळखतात याचा अंदाज त्या जुन्या मोजणीपेक्षा चांगला आला. म्हणजे काय मोजता यावर सगळं आहे.

आणि मराठीत तर विभक्ती आहे. यंत्राला ‘घर’, ‘घराला’, ‘घरातून’, ‘घरांमध्ये’ हे चार निरनिराळे शब्द वाटतात. ‘पागोळ्या’ वेगळा, ‘पागोळ्यांचं’ वेगळा. मूळ रूपात आणून मोजल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही, आणि मूळ रूपात आणायला गेलं की ‘वाटा’ हे ‘वाटणे’कडे न्यायचं की ‘वाट’कडे, असले प्रश्न पदोपदी येतात. मी दोन रात्री हे करून पाहिलं. ‘नको’ची गाठ सोडवता सोडवता पहाट झाली.

म्हणून मी कागद काढले. चौघांना तीच यादी दिली : ठाऊक असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली, शंका असेल तर प्रश्नचिन्ह. दोन फुल्या पडल्या की शब्द बाद. ‘पागोळी’ला तीन खुणा आणि एक प्रश्नचिन्ह मिळालं. ज्यांचं प्रश्नचिन्ह होतं त्यांनीच नंतर विचारलं, ‘छपरावरून गळतं ते ना?’ म्हणजे ठाऊक होतंच. मी ते प्रश्नचिन्ह खोडून खूण केली. यात लपवाछपवी नाही, कागद अजून माझ्याकडे आहे.

ही पद्धत घरगुती आहे असं तुम्ही म्हणता. ‘वर्डल’ घ्या, सहा प्रयत्नांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ, ज्याच्या नावाने तुम्ही मला शिकवता. जॉश वॉर्डल यांनी २०२१ साली तो खेळ लोकांपुढे आणला. पाच अक्षरी इंग्रजी शब्द निघाले बारा हजारांच्या आसपास. ते चाळून सुमारे अडीच हजारांवर कोणी आणले? त्यांच्या जोडीदार पलक शाह यांनी. हा शब्द मला माहीत आहे, हा नाही, हा कदाचित, असं करत. एकटीने! जगभर तो खेळ चालला, आणि ‘तुम्हाला येतात तेच शब्द’ असं त्यांना कोणी ऐकवलं असेल तर माझ्या कानावर नाही.

२०२२ साली तो खेळ विकत घेतलेल्या वृत्तपत्राने ‘अगोरा’ (प्राचीन ग्रीक शहरातला चौक) हा शब्द अवघड म्हणून काढला, हेही तुम्ही लिहिलंत. काढला, खरं आहे. मग एकाच दिवशी काहींना उत्तर ‘अगोरा’ आलं आणि काहींना ‘अरोमा’ (सुवास), कारण जुनं पान ज्यांच्याकडे उघडं होतं त्यांना नवी यादी पोचलीच नव्हती. चालू यादीत हात घातला की असं होतं. मला तो अनुभव नको.

चौघांच्या वयाबद्दल : ठीक आहे, बघू. पन्नाशीनंतर मराठी विसरत नाहीत एवढंच सध्या सांगतो.

प्रतिक्रियेच्या अगदी शेवटी, कंसात, तुम्ही लिहिलंय की ‘पागोळी’मुळे तुमची रोज कोडं सोडवल्याची एक्केचाळीस दिवसांची साखळी तुटली. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, म्हणजे आपला दोघांचाही वेळ वाचला असता. त्या दिवशीचे तुमचे सहा प्रयत्न मला दिसत नाहीत, पण पा आणि ळी जागेवर आल्यावर मधे ‘क’ घालून ‘पाकळी’वर अडकलेले बरेच असतील असं मला वाटतं. पाकळी चांगला शब्द आहे. तो सोमवारी येऊन गेला होता.

‘तितिक्षा’ आज रात्री निघेल. ‘पागोळी’ राहील. तुटलेली साखळी जोडून देण्याची सोय माझ्याकडे नाही, आणि असती तरी नाव न लिहिणाऱ्याची साखळी कोणती हे मी कसं शोधणार होतो?