‘ज्याची साखर, त्याची जबाबदारी’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मधुमेह रोखणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम आहे, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘ज्याची साखर, त्याची जबाबदारी. मी वजन उतरवलं, रोज चाललो, साखर आटोक्यात आली, गोळी बंद झाली. मला जमलं ते इतरांना का जमू नये? कर आणि नियमांच्या गप्पा मारून तुम्ही लोकांच्या हातात सबब देताय.’ शिवाय अमेरिकेतल्या ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ या अभ्यासाचा दाखला दिलात. तिथे आहार आणि व्यायाम गोळीपेक्षा सरस ठरले होते.

आधी तुमचं मनापासून अभिनंदन. गोळी बंद होण्याइतकी साखर उतरवणं किती कठीण असतं, हे मी जाणतो.

तुमचा दाखलाही खरा आहे, आणि मला तो तुमच्याहून जास्त प्रिय आहे. म्हणून त्याच्याच आत थोडं शिरू या. २००२ साली निकाल आला. साखर वाढलेली, पण अजून मधुमेह नसलेली ३,२३४ माणसं त्यात होती. आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. पण हे ५८ टक्के कोणाच्या तुलनेत? बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या तिसऱ्या गटाच्या. आणि या तिसऱ्या गटालाही छापील माहिती दिली होती, वर्षातून एकदा समोर बसवून वजन, आहार, व्यायाम यांबद्दल समजावलं जात होतं. ‘कमी खा, जास्त चाला’ हे त्यांनीही ऐकलं होतं. तरी त्यांच्यात दर वर्षी शंभरातल्या सुमारे ११ जणांना मधुमेह झाला. आहार-व्यायामाच्या गटात हाच आकडा पाचच्या आत राहिला.

या गटाला वेगळं काय मिळालं? प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक. पहिल्या २४ आठवड्यांत समोरासमोर १६ बैठका, पुढे नियमित भेटी, देखरेखीखाली व्यायामाची सोय. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, हे ठरवून दिलेलं लक्ष्य. गट चिठ्ठी टाकावी तसे पाडले होते, त्यामुळे मनोनिग्रही माणसं सगळी एकाच गटात जमली, असंही म्हणता येत नाही. उपदेश दोघांना मिळाला, आधार एकाला. तुम्ही शिस्तीच्या बाजूने मांडलेला पुरावा खरं तर व्यवस्थेच्या बाजूचा आहे.

चीनमधल्या दाछिंग शहरातला प्रयोग तर त्याहून जुना, १९८६ चा. तिथे ५७७ माणसं ३३ दवाखान्यांतून निवडली होती आणि कोणाला काय मिळणार हे माणसागणिक न ठरवता दवाखान्यागणिक ठरलं होतं. कार्यक्रम सहा वर्षं चालून थांबला. तीस वर्षांनी पाहिलं, तर आहार-व्यायाम मिळालेल्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा आला होता, हृदयविकार आणि पक्षाघातही कमी होते. कोणत्या दवाखान्यात नाव नोंदलंय, एवढ्यावर माणसाच्या आयुष्यातली चार वर्षं ठरली. यात त्याच्या जिभेचा दोष किती धरायचा?

आता सबबीबद्दल. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेतल्या पाच शहरांत गरीब वस्त्यांमधल्या साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांसाठी सोडत काढली गेली. काहींना तुलनेने बऱ्या वस्तीत घर भाड्याने घेण्यासाठी मदत मिळाली, काहींना काहीच नाही. दहा ते पंधरा वर्षांनी त्या घरांतल्या स्त्रियांचं रक्त तपासलं. बऱ्या वस्तीसाठी मदत मिळालेल्या गटात मधुमेहाच्या पातळीची साखर असलेल्या स्त्रियांचं प्रमाण चारेक टक्के-बिंदूंनी, म्हणजे शंभरात चारेक जणींनी, कमी आढळलं. यातल्या बऱ्याच स्त्रिया त्या मदतीचा उपयोग करून हलल्याच नव्हत्या, तरी पूर्ण गटाच्या सरासरीत हा फरक उतरला. कुणी त्यांना आहाराचे धडे दिले नव्हते. काहींचा पत्ता बदलला, एवढंच. मधुमेहावरच्या चर्चेत या अभ्यासाचं नाव फार क्वचित निघतं, याची मला खंत वाटते.

आणि जे अजून जन्मलेच नाहीत त्यांचं काय? ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून साखर रेशनवर होती. १९५३ च्या सप्टेंबरात बंधन उठलं आणि साखरेचा खप थोड्याच काळात जवळपास दुप्पट झाला. त्या तारखेच्या आधी आणि नंतर पोटात असलेल्या, जन्मलेल्या मुलांची पुढे साठीपर्यंतची तुलना २०२४ साली प्रसिद्ध झाली. आईच्या पोटात आणि पहिल्या एक-दोन वर्षांत रेशनचा काळ वाट्याला आलेल्यांना टाइप २, म्हणजे सहसा मोठेपणी होणाऱ्या, मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता. पोटातल्या बाळाला तुम्ही कोणती शिस्त शिकवणार?

गोड पेयांवरच्या कराने गरीबच भरडले जातात, हा तुमचा मुद्दा मी हलका मानत नाही. मेक्सिकोने २०१४ मध्ये साखर घातलेल्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला, तेव्हा खरेदी सगळ्यात जास्त घटली ती कमी उत्पन्नाच्या घरांत. याचे दोन अर्थ निघतात. कराचा चटका त्यांना बसला, आणि मधुमेहाचा धोका कमी होण्याचा फायदाही त्यांच्याकडे जाण्याची शक्यता जास्त. म्हणून कराचा पैसा त्यांच्याच दवाखान्यांवर खर्च व्हावा, असा माझा आग्रह राहील. ब्रिटनची पद्धत मला अधिक पटते. तिथे १०० मिलिलिटरमागे साखर ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असली की आकार लागतो, ८ ग्रॅमला तो वाढतो. कर २०१८ मध्ये लागू होण्याआधीच अनेक उत्पादकांनी पेयांतली साखर उतरवली. पिणाऱ्याला काही ठरवावंच लागलं नाही.

एका जागी मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. मधुमेह झाल्यावरही माघारी फिरता येतं, हे लोकांना ठामपणे सांगायला हवं. ‘डायरेक्ट’ या ब्रिटिश अभ्यासात रोज साडेआठशे कॅलरींच्या आसपासचा आहार काही महिने दिला. वर्षाअखेर जवळपास निम्म्यांचा, ४६ टक्के जणांचा, मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात तर ८६ टक्के. ते सगळं आपल्या नेहमीच्या दवाखान्यात, नर्स किंवा आहारतज्ज्ञांच्या नियमित भेटींसह झालं. तुमच्या वेळी असं कोण पाठीशी होतं, हे जरूर लिहा. इतर वाचकांना त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होईल.

तुमचं एक वाक्य मात्र मला लागलं : ‘मधुमेह हा खाण्यावर ताबा नसलेल्यांचा आजार.’ टाइप १ मधुमेह झालेल्या लहान मुलांच्या आया हे वाचतात. त्या मुलांच्या शरीरातली प्रतिकारयंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात खाण्याचा काहीच दोष नाही, आणि इन्सुलिनवाचून ती जगू शकत नाहीत. टाइप २ मध्येही आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे टाइप २ होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. तिला ठपका कशाला द्यायचा? बाळंतपणानंतर तिची साखर वेळच्या वेळी तपासली जावी, हे पाहायला हवं.

ठपक्याचा परिणाम हाच होतो, की माणूस तपासणी टाळतो. जगात २०२२ मध्ये ८० कोटींहून अधिक प्रौढांना मधुमेह होता आणि तिशीपुढच्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जण उपचाराविना होते. अनेकांना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नसतं, कारण वाढलेली साखर बराच काळ दुखत-खुपत नाही. तोवर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा झिजत राहतात. तपासण्यांवरचा खर्च तुम्हाला उधळपट्टी वाटतो. डायलिसिसचा खर्च त्याच्या शेजारी मांडून बघा, आणि मग पुन्हा लिहा. मी वाचेन.