ब्लॉग बंद करून आभासी प्लॉट घ्यायला निघालेल्यांसाठी

‘ब्लॉग मेला, आता धंदा आभासी जगात’ हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतोय. त्यातले मुद्दे पाच. मजकूर कुणी वाचत नाही. २०२६पर्यंत जगातले २५ टक्के लोक रोज तासभर मेटाव्हर्समध्ये, म्हणजे त्रिमितीतल्या आभासी जगात, असतील. तिथली जमीन मर्यादित आहे, तेव्हा भाव वाढणारच. ब्लॉगवरचे लेख आभासी शोरूमच्या भिंतींवर लावा. आणि फेसबुकने कंपनीचं नाव बदलून ‘मेटा’ केलं, आणखी काय पुरावा हवा? चुलतभाऊ हे वाचून चांगल्या चालत्या ब्लॉगचं होस्टिंग बंद करायला निघाला, म्हणून हा खटाटोप.

जमिनीपासूनच सुरू करतो, कारण खिसा तिथेच कापला जातो. डिसेंट्रालँड या आभासी जगात ३०१ गुणिले ३०१, म्हणजे ९०,६०१ प्लॉट आहेत, प्रत्येक १६ बाय १६ मीटरचा. मर्यादित आहेत, मान्य. पण खऱ्या जमिनीला भाव येतो तो रस्त्यामुळे, शेजारामुळे, येणाऱ्याजाणाऱ्यांमुळे. इथे चॅटमध्ये एक आज्ञा आणि दोन आकडे टाकले की माणूस नकाशाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हजर. मधल्या प्लॉटवरून कुणाला जावंच लागत नाही, मग मोक्याची जागा कसली? पुढे तर त्याच मंचाने ‘वर्ल्ड्स’ काढले. त्यात स्वतंत्र जागा मिळते आणि प्लॉट लागतच नाही, तिथलं एक नोंदवलेलं नाव पुरतं. पलीकडे सँडबॉक्स या दुसऱ्या आभासी जगात आणखी १,६६,४६४ प्लॉट आहेत. नोव्हेंबर २०२१मध्ये डिसेंट्रालँडचे ११६ प्लॉट ६,१८,००० ‘माना’ या तिथल्या क्रिप्टो नाण्यांना गेले, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २४ लाख डॉलर. एक माना चार डॉलरच्या आसपास होतं. २०२२ संपताना ते अर्ध्या डॉलरच्याही खाली आलं. ‘भाव वाढणारच’ म्हणे.

उलट बाजूची थापही नको. ‘तिथे दिवसाला फक्त ३८ माणसं’ हा २०२२मधला आकडा वॉलेटने (क्रिप्टो नाणी ठेवायच्या डिजिटल पाकिटाने) व्यवहार करणाऱ्यांचा होता, नुसतं फिरणाऱ्यांचा नव्हे. डिसेंट्रालँडने स्वतः आठेक हजार सांगितले. आठ हजार धरू. दर अकरा प्लॉटमागे एक माणूस, तेही दिवसभरात मिळून.

आता भिंतींवर लेख. हे सुचवणाऱ्याने व्हीआर हेडसेटमध्ये, म्हणजे आभासी जग दाखवणाऱ्या डोळ्यांवरच्या चष्म्यात, एक परिच्छेद तरी वाचलाय का? डिसेंट्रालँडच्या नियमाने एका प्लॉटवर १० टेक्स्चर, १०,००० त्रिकोण आणि २० मीटर उंची, एवढीच मुभा. टेक्स्चर म्हणजे मॉडेलवर चिकटवायचं चित्र, त्रिकोण म्हणजे मॉडेल ज्यांनी बनतं ते छोटे तुकडे. भिंत, फरशी, छत, पाटी यांतच निम्मी संपतात. लेख कुठे लावणार? अनेक पानं एका चित्रात कोंबता येतात, पण मग प्रत्येक पानाच्या वाट्याला पिक्सेल उरत नाहीत.

तेवढ्यावर भागत नाही. मेटाच्या क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये दृष्टीच्या एका अंशात साधारण २५ पिक्सेल बसतात. चांगल्या नजरेला बारीक अक्षर कागदासारखं दिसायला साठेक लागतात. देवनागरीत याचा पहिला बळी अनुस्वार, मग रफार. त्यातून युनिटी या त्रिमिती जगं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं वापरात असलेला टेक्स्टमेशप्रो हा अक्षरं दाखवणारा भाग देवनागरीची जुळणी धड करत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. मग डेव्हलपर काय करतो? मजकुराचं चित्र काढून चिकटवतो. झालं! आता तो मजकूर सर्च इंजिनला दिसत नाही, कॉपी होत नाही, अंध ग्राहकाचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही आणि किंमत बदलली की नवं चित्र. ४०९६ बाय ४०९६चं ते चित्र जेपेगमध्ये दोनेक एमबीचं असेल, पण कॉम्प्रेस न करता ग्राफिक्स मेमरीत उलगडलं की ६४ एमबी खातं. फोनवर अशी चारपाच झाली की ब्राउझरचा टॅबच कोसळतो आणि दोष ‘तुमच्या नेटचा’ ठरतो.

२५ टक्क्यांचा दाखला खोटा नाही, तो गार्टनर या बाजार-संशोधन कंपनीचा फेब्रुवारी २०२२चा अंदाज आहे. पण याच गार्टनरने एप्रिल २००७मध्ये सांगितलं होतं की २०११ संपेपर्यंत ८० टक्के सक्रिय इंटरनेट वापरकर्त्यांचं आभासी जगात ‘दुसरं आयुष्य’ असेल. तेव्हा सेकंड लाइफ या आभासी जगाची हवा होती, रॉयटर्सने २००६मध्ये तिथे वार्ताहर बसवला होता. ८० टक्के सोडा, पुढे त्याच्या आसपासही काही झालं नाही. त्याच निवेदनात कंपन्यांना प्रयोग करा पण मोठी रक्कम गुंतवू नका, असंही बजावलं होतं. मेसेजवाले असली वाक्यं बरोब्बर गाळतात.

नाव बदलणं हा पुरावा असेल, तर मेटाच्या रिअ‍ॅलिटी लॅब्स या व्हीआर विभागाचा एकट्या २०२३चा १६ अब्ज डॉलरचा तोटाही पुरावाच. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२३मध्ये अल्टस्पेस हे आपलं आभासी जग बंद केलं, त्याबरोबर लोकांनी तिथे उभारलेली जगंही गेली. ब्लॉगची एक्स्पोर्ट फाइल दुसऱ्या होस्टवर चढवता येते. डिसेंट्रालँडचं दुकान सँडबॉक्समध्ये उचलून नेता येत नाही, तिथे सगळं व्हॉक्सेलचं, म्हणजे छोट्या ठोकळ्यांचं.

‘मजकूर कुणी वाचत नाही’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. एआयची उत्तरं शोधाच्या पानावरच मिळू लागल्यापासून ‘अमुकचे दहा फायदे’ छापाच्या लेखांवर क्लिक कमी होतात. व्हायलाच हवेत. पण ती उत्तरंही मजकुरातूनच तयार होतात. आणि व्हीआर निरुपयोगी आहे असंही नाही. वॉलमार्टने २०१८मध्ये कर्मचारी प्रशिक्षणासाठी १७,००० हेडसेट घेतले, कारण तिथे नेमकं काम होतं.

त्रिमितीची हौस असेल तर ती ब्लॉगमध्येच भागते. वस्तूचं मॉडेल ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये ५०,००० त्रिकोणांच्या आत आणा, टेक्स्चर १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं करा, फाइल लहान करणारं ड्रॅको कॉम्प्रेशन लावून जीएलबी (त्रिमिती मॉडेलची) फाइल काढा. पाच एमबीच्या वर जाऊ देऊ नका. गूगलच्या मुक्त मॉडेल-व्ह्यूअर या वेबपानावर मॉडेल दाखवणाऱ्या साधनाने ती लेखात बसवा, आधी दिसायला एक साधं चित्र द्या. नेहमीची चूक मापाची. जीएलबीत एक एकक म्हणजे एक मीटर. आकडे मिलिमीटरचे असताना तसंच काढलं की ९०० मिलिमीटरची खुर्ची ९०० मीटर उंच होते आणि फोनच्या कॅमेऱ्यात ग्राहकाला फक्त एक पाय दिसतो. काढण्याआधी मॉडेल हजारपट लहान करा आणि मग स्केल अप्लाय करा. लांबी, रुंदी, वजन, लाकूड कुठलं, हे मॉडेलखाली साध्या मजकुरात लिहाच. मॉडेल उघडलं नाही तरी खुर्ची दारातून आत जाईल की नाही, ते कळायला हवं.