'नोटा'ला सर्वाधिक मते मिळाली तर फेरनिवडणूक होते का?

नोटा म्हणजे मतदान यंत्रावरचा 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय. 'नोटाला सर्वाधिक मते पडली की निवडणूक रद्द होते आणि त्या उमेदवारांना पुन्हा उभे राहता येत नाही' हा संदेश निवडणुका आल्या की व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. लोकसभा आणि विधानसभेसाठी तो खोटा आहे. तिथे नोटाला कितीही मते पडोत, उमेदवारांमध्ये ज्याची मते जास्त, तोच निवडून येतो.

गोंधळाचे मूळ महाराष्ट्रातच सापडते. महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. या आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला : नोटा पहिल्या क्रमांकावर आला तर त्या जागेसाठी फेरनिवडणूक घ्यावी. पण ही संधी एकदाच. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी ठरतो. म्हणजे वॉर्डातला नियम उचलून थेट दिल्लीपर्यंत नेला गेला आहे, आणि त्याची मर्यादा मात्र वाटेतच गळून पडली.

2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. 2024 मध्ये इंदूर लोकसभेत नोटाला दोन लाखांहून अधिक मते पडली, तिथेही तो दुसराच. दोन्हीकडे निकालावर काही परिणाम झाला नाही.

अनामत रकमेचेही तसेच. ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात, आणि या हिशेबात नोटाची मते धरलीच जात नाहीत. हा संदेश आला तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला हा फरक जरूर सांगा.