सॉक्रेटिस 'मला काहीच माहीत नाही' असं म्हणाला होता का?

व्हॉट्सअ‍ॅपवर परत तो फोटो फिरतोय, दाढीवाला पुतळा आणि खाली 'मला एकच माहीत आहे की मला काहीच माहीत नाही – सॉक्रेटिस', आणि त्यावरून लोक सिद्ध करतायत की खरं ज्ञान कुणाला होऊच शकत नाही. तर हे वाक्य असं ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याच्या लिखाणात कुठेच नाहीये, आणि सॉक्रेटिसने स्वतः तर एक ओळ लिहून ठेवली नाही.

प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त, म्हणजे इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवर चाललेल्या खटल्यातल्या त्याच्या बचावाच्या भाषणात, किस्सा असा आहे की ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळातून कौल आला, सॉक्रेटिसपेक्षा शहाणा कुणी नाही. याला काही ते पटेना, म्हणून हा गेला एका पुढाऱ्याकडे, खोदून खोदून विचारलं, आणि परतताना म्हणतो की खास असं दोघांनाही काही कळत नसावं, पण त्याला वाटतं आपल्याला कळतं, मी निदान तसं समजत नाही. बस एवढंच! मग कवी झाले, कारागीर झाले. कारागिरांना त्यांचं काम खरंच येतं हे तो सरळ मान्य करतो, फक्त तेवढ्यावर ते बाकी सगळ्यात अक्कल पाजळतात (आपल्या ग्रुपवर पण आहेत असे).

आणि त्याच भाषणात पुढे ठणकावून सांगतो की अन्याय करणं वाईट, हे मला माहीत आहे. मग 'काहीच नाही' कुठे राहिलं?

फॉरवर्डमधल्यासारखं वाक्य सापडतं ते रोमचा लेखक सिसेरो याच्याकडे, तेही साधारण साडेतीनशे वर्षांनी.